चौथ्या दिवसाची अंडाभुर्जी

मागच्या वर्षी काका गेले. वैकुंठ स्मशानभूमीत सगळं झालं, तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या आणि चौथ्या दिवशी रात्री माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा, पुलाजवळच्या गाडीवर उभ्याउभ्या अंडाभुर्जी-पाव खाताना शेजारच्या काकूंच्या जावयाला दिसला. नारायण पेठेत असली बातमी पोचायला किती वेळ लागतो ते पुणेकरांना सांगायला नको. सकाळी साडेसातला आत्या सुरू झाली, "बापाला जाऊन चार दिवस नाही झाले आणि हा गाडीवर अंडी खातोय, लाज कशी वाटत नाही रे तुला?" तो चहाचा कप हातात घेऊन अगदी शांतपणे म्हणाला, "आत्या, कुणाचं काय नुकसान झालं ते सांग ना." आत्या म्हणाली, "नुकसानीचा प्रश्न आहे का हा?" आणि मग दोघंही दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत.

मी मधे पडलो नाही, सुतकात भांडणं सोडवायला जाणारा माणूस नेहमी दोन्हीकडून खातो. पण डोक्यात ते बसून राहिलं, कारण दोघंही वेडे नाहीत, दोघांचंही काकांवर प्रेम होतं, आणि तरी एकाला जे पाप वाटतं ते दुसऱ्याला साधं रात्रीचं जेवण वाटतं. हे असं का होतं यावर लोकांनी बराच विचार केलाय, त्यातलं मला जेवढं कळलं तेवढं सोपं करून लिहितोय.

गंमत म्हणजे जवळजवळ हाच प्रश्न एका स्टडीत खरोखर विचारला गेलाय. रिचर्ड श्वेडर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांच्यासोबत भुवनेश्वरच्या जुन्या मंदिराच्या भागात आणि शिकागोच्या हाइड पार्क भागात लहान मुलांना आणि मोठ्यांना ३९ प्रसंग सांगितले आणि प्रत्येक वेळी विचारलं की हे चूक आहे का, किती चूक आहे. हे १९८७ मध्ये छापून आलं. त्यातला एक प्रसंग असा, की वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या मुलाने केस कापले आणि चिकन खाल्लं. भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांनी हे सगळ्या यादीत वरच्या नंबरचं पाप ठरवलं. शिकागोच्या लोकांना कळेचना की यात विचारण्यासारखं काय आहे, भूक लागली असेल, खाल्लं. आमचा बंधू शिकागोच्या पार्टीत आणि आत्या भुवनेश्वरच्या, फक्त दोघं राहतात एकाच पेठेत.

आता हे वाचून तुम्ही जर "बघा आपले लोक अजून कुठे आहेत" असं मनात म्हणालात किंवा उलट "बघा त्या लोकांना संस्कारच नाहीत" असं म्हणालात तर जरा थांबा, कारण त्याच यादीत दुसरा एक प्रसंग होता. नवऱ्याने बजावलेलं असताना बायको त्याला न विचारता सिनेमाला गेली आणि नवऱ्याने तिला काळंनिळं होईपर्यंत मारलं. शिकागोवाल्यांना हे भयंकर वाटलं. भुवनेश्वरच्या बऱ्याच जणांना यात नवऱ्याचं विशेष काही चुकलं असं वाटलं नाही. म्हणजे चिकन खाणं घोर पाप आणि बायकोला मारणं चालतंय. मला हे वाचून आत्याची बाजू घ्यायची इच्छा एकदम कमी झाली होती, खोटं कशाला बोलू.

पण खरा मुद्दा तिसऱ्या प्रसंगात आहे. एक विधवा बाई आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाते, हे चूक का? ओडिशात मासे म्हणजे रोजचं खाणं, तरी लोक म्हणाले मोठं पाप. का, तर मासा उष्ण, उष्ण खाल्लं की वासना जागी होते, मग तिचं मन चळेल आणि तिच्या नवऱ्याच्या आत्म्याला क्लेश होतील. आता यातली तत्त्वं बघा, काय आहेत? जवळच्या माणसाला दुखवू नये, दिलेली साथ मोडू नये. ही तत्त्वं शिकागोच्या माणसालाही मान्य आहेत. फरक पडतो तो दोन गोष्टी खऱ्या मानण्यावर, की मासा उष्ण असतो आणि मेलेला नवरा अजून कुठेतरी आहे, त्याला कळतं, त्याला दुखतं. म्हणजे पुष्कळदा दोन समाजांच्या नीतीमध्ये फरक दिसतो तो नीतीत नसतोच, जगात कोण कोण आहे आणि कशाने कोणाला त्रास होतो याच्या कल्पनेत असतो. आत्याच्या हिशेबात काका दहा दिवस अजून घराभोवतीच होते. "कुणाचं नुकसान झालं" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, काकांचं. ते तिने बोलून दाखवलं नाही कारण तिला वाटत होतं की हे काय सांगायची गोष्ट आहे.

पुढे श्वेडरने आणि त्याच्या सोबत्यांनी यातून एक ढोबळ मांडणी केली जी मला फार उपयोगी वाटते. माणसं चूक-बरोबर तोलायला एकच काटा वापरत नाहीत, साधारण तीन वापरतात. एका काट्यावर बघतात की कुणाला इजा झाली का, कुणाचा हक्क गेला का. दुसऱ्यावर बघतात की आपलं कर्तव्य केलं का, मुलगा म्हणून, सून म्हणून, गावचा माणूस म्हणून जे करायचं ते केलं का. आणि तिसरा काटा पावित्र्याचा, विटाळ झाला का, सोवळं मोडलं का, देवाच्या व्यवस्थेला धक्का लागला का. प्रत्येक समाजात तिन्ही काटे असतात पण हाताशी ठेवलेला वेगळा असतो. आपण पुण्यात दिवसातून चार वेळा काटे बदलतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. ऑफिसात पहिला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुसरा, आणि देवघरात चप्पल घालून कुणी शिरलं की तिसरा.

आणि हा फरक देशादेशांचाच असतो असंही नाही. जोनाथन हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ब्राझीलच्या दोन शहरांत आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात लोकांना विचित्र प्रश्न विचारले, उदाहरणार्थ एका घरातला पाळलेला कुत्रा गाडीखाली येऊन मेला, घरच्यांनी तो शिजवून खाल्ला, कुणी बघितलं नाही, हे चूक का? देशापेक्षा जास्त फरक पडला तो वर्गाने. शिकलेले सुखवस्तू लोक दोन्हीकडे म्हणाले की किळस येते पण त्यांचं ते बघतील, आणि गरीब वस्तीतले लोक दोन्हीकडे जास्त करून म्हणाले की हे चूकच. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधला माणूस नीतीच्या बाबतीत त्याच्या गावच्या चुलत्यापेक्षा फिलाडेल्फियाच्या माणसाला जवळचा असू शकतो, आणि मला वाटतं आमच्याकडे चौथ्या दिवशी तेच झालं होतं.

बरं, जागा बदलली की निवाडा बदलतो हे कळलं. आता काळाचं बघू, आणि त्यासाठी नारायण पेठेतून गुरुवार पेठेपर्यंत गेलं तरी पुरे. पंचहौद मिशनचं चर्च, तो उंच घंटेचा मनोरा, रोज हजारो लोक तिथून गाडीवरून जातात. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथल्या मिशनच्या शाळेत व्याख्यानाचं बोलावणं होतं, शहरातली चाळीसेक प्रतिष्ठित माणसं गेली, त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. झालं. हे सगळं जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, आनंदीबाई जोशींचे यजमान, त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, पेटलं. मिशनऱ्यांच्या हातचं अन्नपाणी घेतलं म्हणजे धर्म बुडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले, प्रायश्चित्तं ठरली, ज्यांनी घेतली नाहीत त्यांच्या घरी कार्याला भटजी मिळेनात. हा बहिष्कार काय असतो हे आज आपल्याला कळणं अवघड आहे. घरात श्राद्ध आलंय आणि गुरुजी येत नाहीत, मुलीचं लग्न ठरलंय आणि पंगतीला कुणी बसत नाही, आणि हे एका कप चहासाठी, ज्या शहरात आज दर पन्नास पावलांवर अमृततुल्य आहे आणि कप कुणाच्या हातचा हे कुणी विचारत नाही.

पण या प्रकरणात मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते पुढचं. टिळकांनी सांगितलं की मी काशीला प्रायश्चित्त घेतलेलं आहे. रानडे बराच काळ अडून राहिले आणि शेवटी १८९२ मध्ये त्यांनीही घेतलं. आता सनातनी लोकांच्या काट्यावर चहा हे पाप होतं आणि प्रायश्चित्त ही सुधारणा. सुधारकांच्या काट्यावर बरोबर उलटं, चहा पिण्यात काही नव्हतं आणि प्रायश्चित्त घेणं हीच चूक, रानड्यांनी कच खाल्ली म्हणून त्यांच्याच लोकांनी त्यांना बोल लावले. एकच माणूस, एकच विधी, एकच शहर, आणि एका पेठेत तो शुद्ध झाला आणि दुसऱ्या पेठेत बाटला. इथे काळ बदललेला नाही, समाज बदललेला नाही, भाषाही तीच.

म्हणूनच मला "त्या काळी तसंच होतं, आजच्या फुटपट्टीने मोजू नका" हे वाक्य ऐकलं की जरा खटकतं. अर्धं खरं आहे ते. जुन्या माणसाला समजून घ्यायचं तर त्याला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं ते बघायलाच हवं. पण त्या काळी म्हणजे कुणाच्या काळी? पुण्यापासून तासाभरावर थेऊरला थोरल्या माधवरावांची समाधी आहे, १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले आणि रमाबाई सती गेल्या, तिथे वृंदावन आहे, चिंतामणीचं दर्शन झालं की लोक तिथे जाऊन हात जोडतात. लोक म्हणतात तेव्हा तीच रीत होती. पण त्याच्या फक्त अठरा वर्षं आधी, १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारले गेले तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि सासऱ्याने, मल्हाररावांनी, त्यांना थांबवलं. शहाजीराजे गेले १६६४ मध्ये, तेव्हा जिजाबाईंना शिवाजी महाराजांनी थांबवलं. हे सगळे त्याच काळातले, त्याच धर्मातले, त्याच मराठी मुलखातले लोक. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा यायला १८२९ साल उजाडायचं होतं. म्हणजे इंग्रज येऊन शिकवतील तेव्हाच लोकांना कळेल असं काही नव्हतं, "नको जाऊस" म्हणणारा माणूस घरातच होता.

जवळजवळ प्रत्येक उदाहरणात हेच सापडतं. विधवेच्या पोटी मूल आलं तर तिला तोंड काळं करून घराबाहेर काढायचं हा धर्म मानला जायचा, आणि त्याच पुण्यात १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले बालहत्या प्रतिबंधक गृह चालवत होते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने, मुरुडने, वाळीत टाकलं, पण लग्न लावून देणारे आणि अक्षता टाकायला आलेलेही १८९३ चेच होते. १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेली माणसं पर्वतीवर देवदर्शनाला जायला निघाली, त्यांच्यासोबत एस. एम. जोशींसारखे लोक होते, तर वरून दगड आले. पायऱ्या चढणाऱ्याचा काळ एक आणि दगड मारणाऱ्याचा काळ दुसरा असं थोडंच असतं? "त्या काळी" म्हणताना आपण बहुतेक वेळा ज्याच्या हातात दगड किंवा लेखणी होती त्याचंच मत धरतो, ज्याच्या कपाळावर लागला त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मग बदलतं तरी काय? कधी कधी खरंच माहिती बदलते. मेलेल्या माणसाचं काय करायचं हेच घ्या. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एक गोष्ट लिहून ठेवलीय. इराणचा बादशहा डॅरियस याने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं की किती पैसे दिले तर तुम्ही तुमच्या मेलेल्या बापाला खाल? ते म्हणाले कितीही दिले तरी नाही. मग त्याने हिंदुस्थानातल्या कॅलाटिआय नावाच्या लोकांना बोलावलं, जे म्हणे आईबापांना खायचे, आणि ग्रीकांसमोर विचारलं की किती घेऊन तुम्ही बापाला जाळाल? ते किंचाळले की असलं अभद्र बोलूच नका. असे लोक खरंच होते का देव जाणे, पण मुद्दा पक्का आहे, बापाचा मान ठेवायचा यावर दोघांचं एकमत, कसा ठेवायचा यावर दोघांना एकमेकांची किळस. पारशी लोकांचं बघा, माती आणि अग्नी पवित्र, त्यात प्रेत घालून ती बाटवायची नाहीत म्हणून दख्मा, म्हणजे प्रेत उघड्यावर ठेवायचा मनोरा, गिधाडं येऊन काम करायची. मग जनावरांना देतात ते डायक्लोफेनॅक औषध मेलेल्या गुरांमार्फत गिधाडांच्या पोटात गेलं आणि नव्वदच्या दशकापासून गिधाडं इतकी मेली की दख्म्यावर यायला उरलीच नाहीत. आता तत्त्व तेच, शास्त्र तेच, पण गिधाडच नाही. काही पारशी दख्म्यावर ऊन एकवटणारी सोलर उपकरणं लावून भागवतात, काहींनी दहन स्वीकारलं, मुंबईत वरळीला २०१५ मध्ये त्यासाठी प्रार्थनागृहही झालं, आणि काही अजून म्हणतात की हे पाप आहे. आपल्याकडे विद्युतदाहिनी आली तेव्हा "लाकडावर न्या हो, असं बटण दाबून कुणाला पाठवतात का" म्हणणारे कमी नव्हते, आज वैकुंठात कुणी त्यावर चर्चासुद्धा करत नाही.

पण माहितीपेक्षाही जास्त वेळा बदलतं ते नाव. कृती तीच, ती कुठल्या खणात ठेवायची ते बदलतं, आणि खण बदलला की निवाडा आपोआप बदलतो. अन्नपाणी सोडून मरण येऊ देणं. जैन मुनी किंवा श्रावक करतो तेव्हा संथारा, सगळा समाज पाया पडायला जातो. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान हायकोर्टाने म्हटलं ही आत्महत्या आहे, गुन्हा आहे, आणि ३१ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. एकवीस दिवसांत व्रताचा गुन्हा झाला आणि गुन्ह्याचं परत व्रत. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडलं आणि त्याला आत्मार्पण म्हटलं, विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला सोडलं, त्याला प्रायोपवेशन. ज्ञानेश्वर माउलींनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, एकवीस-बावीस वर्षांचं वय, आणि त्या प्रसंगाला आत्महत्या म्हणायची कल्पनासुद्धा मराठी माणसाला करवत नाही, मलाही करवत नाही, हे इथे लिहितानाच हात अडखळला. हेच उद्या आमच्या सोसायटीतल्या बावीस वर्षांच्या मुलाने करायचं ठरवलं तर मी पोलिसांना फोन करीन. दोन्ही वेळा मी खोटा नाही. आणि इथे पुण्यातच येरवड्याला गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ ला अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात आमरण उपोषण सुरू केलं, त्यांच्या भाषेत ती तपश्चर्या होती, डॉ. आंबेडकरांच्या बाजूने बघितलं तर तो अस्पृश्यांच्या गळ्यावर आणलेला दबाव होता. चार दिवसांनी पुणे करार झाला. उपास एकच, पण तो कुणाच्या पोटात चालू आहे आणि त्याची झळ कुणाला बसते यावर नाव ठरतं.

यावर कुणीतरी म्हणणारच की मग सगळंच सापेक्ष, जो तो आपापल्या जागी बरोबर. मला तसं वाटत नाही, आणि लहान मुलांनाही तसं वाटत नाही हे विशेष. लॅरी नुची आणि एलियट ट्युरिएल यांनी अमेरिकेतल्या कट्टर धार्मिक घरांतल्या मुलांना, म्हणजे अमिश-मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या आणि कर्मठ ज्यू घरांतल्या मुलांना विचारलं, की देवाने आठवड्याच्या पवित्र दिवशी काम करू नका असा नियम केलाच नसता तर काम केलेलं चाललं असतं का? बहुतेक मुलं म्हणाली हो, मग चाललं असतं. आणि देवाने चोरी करा असा नियम केला असता तर? बहुतेक म्हणाली तरीही चोरी चूकच, देव असं सांगणारच नाही. म्हणजे इतक्या धार्मिक घरात वाढलेल्या पोरांच्याही डोक्यात दोन वह्या वेगळ्या आहेत, एक देवाच्या घरच्या शिस्तीची, जी तो बदलू शकतो, आणि दुसरी दुसऱ्याला लुबाडण्या-दुखावण्याची, जी देवालाही बदलता येत नाही. हाच प्रश्न सॉक्रेटिसच्या नावावर दोन हजार वर्षांहून जुना आहे, की देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं.

आता या दोन वह्या घेऊन माउलींच्याच घरी जाऊ. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंनी सांगितल्यावर परत संसारात आले, त्यांना चार मुलं झाली. पहिल्या वहीत हा भयंकर अपराध, संन्याशाने परत गृहस्थ व्हायचं नाही. परंपरा सांगते की त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि दोघा नवरा-बायकोंनी नदीत देह टाकला, तरी "संन्याशाची पोरं" हा शिक्का गेला नाही. आता दुसऱ्या वहीत बघा, बायकोला टाकून गेलेला माणूस परत आला आणि संसार केला. आजच्या कुठल्याही घरात ही चांगली बातमी असती, आणि चूक शोधायचीच झाली तर ती न सांगता निघून जाण्यात शोधली असती. मुलांचा तर कुठल्याच वहीत दोष नाही. माझा अंदाज असा आहे की शतकानुशतकं निवाडे जे बदलत गेले त्यात मोठा भाग असा आहे, की पहिल्या वहीतल्या नियमाची किंमत दुसऱ्या वहीतला कुणीतरी चुकवत होता आणि कधीतरी त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं. सोवळ्याचा नियम म्हणून सोवळं पाळणाऱ्याशी भांडण कमी झालं, पण ज्याला त्या सोवळ्यापायी विहिरीवर पाणी मिळत नव्हतं तो बोलायला लागला तेव्हा नियम हलला.

उलट दिशेनेही होतं हं. अशोकाचा पहिला शिलालेख वाचा, तो सांगतो की पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. मोर! आज भारतात मोर मारला तर सरळ तुरुंग. आणि विसर्जनाचं बघा, वीस वर्षांपूर्वी गणपती हौदात बुडवा म्हटलं की आमच्याच घरात "वाहत्या पाण्यातच करतात, हौदात काय गणपती बुडवायचा" असं ऐकायला मिळायचं, आज नदीत निर्माल्याची पिशवी टाकणाऱ्याकडे पुलावरचे लोक असे बघतात की जणू त्याने देवळात चप्पल घातली. नवीन पाप तयार झालं आपल्या डोळ्यांसमोर, आणि त्याला नुकसानीचा काटा लावता लावता पावित्र्याचाही लागला. मिरवणुकीतल्या डीजेचं काय होईल ते पुढचे लोक ठरवतील, मी लक्ष्मी रोडच्या जवळ राहतो त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही.

तर आत्या. आत्याला जुन्या वळणाची म्हणून सोडून देणं सोपं आहे पण ते खरं नाही. आत्याचे यजमान गेले त्याला बारा वर्षं झाली आणि तिने टिकली काढली नाही, बांगड्या फोडू दिल्या नाहीत, तेव्हा तिच्या सासरच्या बायकांनी तिला जे ऐकवलं ते आम्ही पोरांनी जिन्यात बसून ऐकलंय. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा तिने पेपरमधलं कात्रण फ्रिजवर लावलं होतं. तिच्या मते टिकली हा तिचा प्रश्न, आणि अंडं हा काकांचा प्रश्न. मी म्हटलं यात विसंगती नाही का, तर म्हणाली, "मी कुणाला सोडून काही केलं नाही. हा त्याला वाटेत एकटं सोडून जेवायला गेला."

हे मी चुलतभावाला सांगितलं नसतं पण नवव्या दिवशी रात्री तो स्वतःच बोलला. ती गाडी काकांची होती. म्हणजे मालकीची नाही, पण काका दर शनिवारी रात्री "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे आणि हा दहावीत गेल्यापासून याला सोबत न्यायचे, दोन डबल भुर्जी, एकात मिरची कमी, घरी कळता कामा नये. चौथा दिवस शनिवार होता. गाडीवाल्याने विचारलं साहेब कुठायत, आणि याला सांगताच येईना, म्हणून त्याने दोन प्लेट घेतल्या आणि दोन्ही खाल्ल्या. "आत्याला सांगू का?" मी विचारलं. म्हणाला, "नको, मग बाबा अंडी खायचे हे कळेल तिला."

दहाव्याला ओंकारेश्वराला गेलो. याचे केस काढलेले, ऊन चढलेलं, पिंड ठेवले आणि कावळा येईना. झाडावर दोन-तीन बसलेले, पण खाली उतरेनात. नेहमीचं सुरू झालं, एकजण हात जोडून म्हणाला काळजी करू नका आम्ही काकूंकडे बघू, दुसरा म्हणाला फ्लॅटचं काम पूर्ण करू, कावळे ढिम्म. गुरुजींच्या मागे पुढची पार्टी येऊन थांबली होती. पाऊण तास झाला. शेवटी आत्याच म्हणाली, "अरे उन्हाने चक्कर येईल माणसांना, दर्भाचा कावळा करा आणि शिववा, चालतं तसं." गुरुजींनी दर्भ उचलला.

चुलतभाऊ म्हणाला, "थांबा. अजून दहा मिनिटं थांबू."

आणि पिंडाकडे चार पावलं जाऊन, आम्हाला ऐकू येणार नाही अशा आवाजात, काहीतरी बोलला.